जोतिबाचा घाट न उतरता चढायचा असेल तर

प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी दिलेली माहिती आधी थोडक्यात मांडतो. वय ३८, वजन ६६ किलो. चार महिन्यांपूर्वी २१ गिअरची हायब्रीड सायकल घेतली. कोल्हापुरात रंकाळा, कळंबा, मधूनच कागलच्या दिशेने असं सपाटीवर २५ किलोमीटर आरामात होतं. जोतिबाला तीन वेळा गेल्या आणि तिन्ही वेळा दुसऱ्या-तिसऱ्या वळणाशी दम तुटला, सायकल हातात धरून चालावं लागलं. बरोबरचे पुढे निघून जातात. त्यातल्या एकाने सांगितलं, "लहान गिअर टाकायची सवय लावली तर पायात ताकद येणार नाही." आता डावा गुडघा पुढच्या बाजूने दुखतो. त्यांचा प्रश्न असा, "माझ्यात मुळात दमच नाही का? आणि न उतरता वर जायला किती महिने लागतील?"

ताई, दम आहे. सपाटीवर २५ किलोमीटर करणारी व्यक्ती हा घाट चढू शकते. तुमचं चुकतंय ते घाटाच्या पहिल्या दहा मिनिटांत, आणि काही प्रमाणात सायकलच्या मागच्या चाकात. मी बावीस वर्षं या रस्त्यांवर सायकल चालवतो आहे आणि त्यातली बरीच वर्षं नवख्यांना घेऊन जातो. चढावर थांबलेली जवळजवळ प्रत्येक व्यक्ती पायातली ताकद संपली म्हणून थांबत नाही. सुरुवातीला श्वासाची उधारी केली, ती पुढे फेडता आली नाही, म्हणून थांबते.

सपाटी आणि चढ यांत नेमका काय फरक आहे, हे एकदा आकड्यांत बघा. तुम्ही, सायकल, पाणी, पिशवी असं सगळं मिळून ८३ किलो धरू. रंकाळ्याच्या कडेने ताशी २० किलोमीटरने जाताना तुम्ही साधारण ८५ वॉट ताकद लावता. त्यातली बरीचशी हवेला बाजूला सारण्यात जाते. तीच ८५ वॉट घेऊन सहा टक्क्यांच्या चढाला लागलात, म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर सहा मीटर वर असा चढ, तर तुमचा वेग ताशी साडेपाच-सहा किलोमीटर येईल. जवळजवळ चालण्याचाच वेग. यात अपयश काही नाही, वजन वर उचलण्याचा हा सरळ हिशोब आहे. पण माणूस वेगाकडे बघतो, "एवढं हळू?" असं त्याला वाटतं आणि तो जोर करतो. त्याच चढावर ताशी ८ ला सुमारे १२० वॉट लागतात आणि ११ ला १६० च्या वर. म्हणजे पहिल्या वळणापर्यंत मित्रांच्या मागे अकराने गेलात, तर तुम्ही तुमच्या नेहमीच्या ताकदीच्या दुप्पट खर्च करत होता.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. सपाटीवर दमलात की बाराच्या वेगाने रेंगाळता येतं. तेव्हा तीसेक वॉट पुरतात, म्हणजे जवळपास विश्रांतीच. चढावर ती सोय नाही. ताशी पाचच्या खाली सायकलचा तोल सांभाळणं नवख्याला अवघड जातं, आणि पाचला सुद्धा ७५ वॉट द्यावेच लागतात. चढाचं हे किमान भाडं आहे, दमलात म्हणून ते कमी होत नाही. सपाटीवर एकदा तुटलेला दम चालत्या सायकलवर परत मिळतो, घाटात मिळत नाही. म्हणून घाटात तो मुळात तुटू द्यायचा नाही.

तालमीत नवा पोरगा आला की वस्ताद त्याला पहिल्या दिवशी कुस्तीला उभा करत नाहीत. हौदातली माती उकरायला लावतात. एकसारखा, न थांबता, श्वास सांभाळून. घाटाचंही तसंच आहे.

मग हळू म्हणजे किती हळू? हृदयाचे ठोके मोजणारं घड्याळ, छातीचा पट्टा यांची सुरुवातीला गरज नाही. मी सगळ्यांना एकच कसोटी सांगतो. चढताना "जोतिबाच्या नावानं चांगभलं" हे एका श्वासात, नेहमीच्या आवाजात म्हणून बघा. सहज म्हणता आलं तर वेग बरोबर आहे. "नावानं" पाशी श्वास घ्यावा लागला तर हद्दीवर आहात, एक गिअर हलका करा. नुसतं "चांगभलं" च निघत असेल तर उधारी सुरू झाली आहे, पुढच्या तीन-चार मिनिटांत पाय जमिनीवर येणार. पहिल्या दोन वळणांपर्यंत तर हे वाक्य इतकं सहज निघालं पाहिजे की आपण उगाच हळू जातोय असं वाटावं. तेव्हा बरोबरचे पुढे जातील. जाऊ द्या. निम्म्या घाटाच्या वर त्यांतले एक-दोन तुम्हाला परत भेटतील.

आता गिअरबद्दल. लहान, म्हणजे हलक्या, गिअरने ताकद येत नाही हे चूक आहे, आणि तुमच्या गुडघ्याचं दुखणं बहुधा त्याच सल्ल्यातून आलंय. जड गिअरवर मिनिटाला चाळीस-पंचेचाळीस वेळा पेडल फिरवलं तर प्रत्येक दाबाला गुडघ्याच्या वाटीवर मोठा भार येतो. तेवढाच वेग हलक्या गिअरवर साठ-पासष्ट फेऱ्यांनी काढला तर दर दाबाचा भार बराच उतरतो आणि काम हृदय-फुप्फुसांकडे जातं. ती सोसतातही लवकर आणि सुधारतातही लवकर. स्नायूंपेक्षा सांध्यांजवळचे अस्थिबंध आणि कंडरा सावकाश घट्ट होतात. म्हणूनच दोन महिन्यांत पाय तयार झाल्यासारखे वाटतात आणि गुडघा मात्र तक्रार करतो. मोजायचं कसं? उजवा पाय पंधरा सेकंदांत किती वेळा खाली गेला ते मोजा. पंधरा ते सतरा आले तर छान. बारा किंवा कमी आले तर गिअर जड आहे.

पण तुमच्या सायकलवर पुरेसा हलका गिअर आहे का, हे आधी बघायला हवं. पुढचं सगळ्यात लहान चक्र आणि मागचं सगळ्यात मोठं चक्र यांचे दाते मोजा. या किमतीच्या बऱ्याच सायकलींना पुढे २८ आणि मागे २८ दाते असतात. म्हणजे पेडलची एक फेरी झाली की चाकाचीही एकच. साठ फेऱ्यांना वेग जवळपास ८ येतो, आणि मघाशी बघितलं की आठला १२० वॉट लागतात. तुम्हाला आत्ता ते अर्धा-पाऊण तास झेपणार नाहीत. मग एकतर फेऱ्या पंचेचाळीसवर येतील किंवा दम तुटेल. तुमचं नेमकं हेच होतंय असं मला वाटतं. मागे ३४ दात्यांपर्यंतचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच, बसवलं तर साठ फेऱ्यांना वेग साडेसहा येतो आणि काम शंभर वॉटच्या आत बसतं. बदलण्याआधी मेकॅनिककडून मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) ३४ दाते झेलतो का आणि चेन लांब करावी लागेल का, हे बघून घ्या. माझ्या पहिल्या गिअरच्या सायकलला दुकानदाराने "कोल्हापूर तर सपाट आहे" म्हणत शर्यतीचं बारीक फ्रीव्हील बसवून दिलं होतं. दीड वर्ष मी पन्हाळ्याच्या घाटात माझ्या पायांना दोष देत राहिलो. चक्र बदललं त्याच आठवड्यात वाघबीळपासून वर न थांबता गेलो. पाय तेच होते.

हे काम काहीशे ते हजार-दीड हजार रुपयांत होतं. त्याउलट हलक्या सायकलच्या मागे आत्ता लागू नका. तीन किलो हलकी सायकल घेतली तरी चाळीस मिनिटांच्या चढात जेमतेम दीड मिनिट वाचेल.

दुकानात गेलाच आहात तर सीटची उंचीही बघून घ्या. नवखे लोक सीट खाली ठेवतात, कारण सिग्नलला बसल्या बसल्या पाय टेकवता येतात. गुडघा पुढच्या बाजूने दुखण्याचं हे दुसरं नेहमीचं कारण. भिंतीला धरून सीटवर बसा, पेडल सगळ्यात खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग पेडलवर नेहमीप्रमाणे चवडा ठेवला की गुडघ्यात हलकासा बाक राहतो. एकदम वर करू नका, आठवड्याला अर्धा-एक सेंटीमीटर पुरे. दुखणं गुडघ्याच्या मागे गेलं तर सीट जास्त वर झाली समजा. गुडघा पायऱ्या उतरतानाही दुखत असेल किंवा सुजत असेल तर घाट बंद ठेवून डॉक्टरांना दाखवा. टायरमधली हवा त्याच्या कडेवर लिहिलेल्या मर्यादेत आहे ना, आणि चाक उचलून फिरवल्यावर ब्रेक घासत नाही ना, एवढं घरीच तपासता येतं.

आणखी एक गोष्ट मी प्रत्येक ताईला सांगतो, तुम्हालाही सांगतो. हिमोग्लोबिन तपासून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. चढावर स्नायूंना लागणारा प्राणवायू हिमोग्लोबिनच वाहून नेतं. ते नऊ-दहावर असेल तर सपाटीवर फारसं कळत नाही, घाटात मात्र छाती फुटायला येते, आणि बाई बिचारी स्वतःला कमकुवत समजत राहते. बारापेक्षा कमी आलं तर आधी त्यावर उपचार. दोन-तीन महिन्यांत त्या उपचाराने जेवढा फरक पडेल तेवढा कुठल्याच सरावाने पडणार नाही.

आता सरावाचं. तीन वेळा घाटात हरल्यावर चौथ्यांदाही तसंच जाऊ नका. आठवड्यातले तीन दिवस पुरेत. एक दिवस सपाटीवर लांब, सध्याच्या २५ वरून हळूहळू ४० पर्यंत, गप्पा मारता येतील अशा वेगाने. कंटाळवाणा वाटतो, पण घाटाचा पाया इथेच पडतो. स्नायूंमधल्या बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं अशा लांब, संथ चालवण्याने वाढतं, आणि त्याला आठवडे लागतात. दुसऱ्या दिवशी शहरातलाच छोटा चढ. राजारामपुरीतून सागरमाळावर विद्यापीठाकडे जाणारा चढ किंवा टेंबलाईची टेकडी. सकाळी सहाच्या सुमारास, वाहनं वाढायच्या आत. दोन-तीन मिनिटं चढायचं, सावकाश उतरायचं, श्वास पूर्ण खाली आला की परत. पहिल्या आठवड्यात चार वेळा, नंतर सहा, नंतर आठ. आठवी फेरी पहिल्या फेरीइतक्याच वेळात झाली पाहिजे. पहिली जोरात आणि शेवटची रडत झाली, तर सुरुवात चुकली. तिसऱ्या दिवशी, दर आठवड्याला नव्हे तर पंधरा दिवसांतून एकदा, जोतिबा. मधल्या आठवड्यात कात्यायनीची टेकडी घ्या.

जोतिबाला जाल तेव्हा रविवार टाळा. रविवार देवाचा वार, केर्लीपासून वर गाड्यांची रांग असते. माघातल्या रविवारी खेट्यांना माणसं अनवाणी चालत जातात, चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला तर लाखोंनी लोक येतात. त्या दिवशी तो रस्ता त्यांचा. तुम्हाला वेळ असेल तर शनिवारची पहाट उत्तम. शिवाजी पूल ओलांडून वडणगे फाटा, रजपूतवाडी, केर्ली हा टप्पा मुद्दाम हळू घ्या. तयारीचा तोच भाग आहे. बरेच जण इथेच पंचवीसने पळतात आणि घाटाच्या तोंडाशी घामाघूम होऊन पोचतात. ऊस तोडणीच्या दिवसांत दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर आणि रस्त्यावर पडलेली ऊसाची कांडकी असतात. पहाटेच्या अंधारात मागे-पुढे दिवा लावल्याशिवाय निघू नका.

खाण्याचं फार मनावर घेऊ नका. निघण्याआधी एक केळं, खिशात गूळ-शेंगदाणे, बाटलीत पाणी. गंगावेशीतलं धारोष्ण दूध आणि मिसळ, दोन्ही परत आल्यावर.

घाट सुरू होण्याच्या पन्नास मीटर आधी, पेडल हलकं असतानाच, पुढची चेन लहान चक्रावर आणा. चढ लागल्यावर जोर देत गिअर बदलला की चेन कडाडते, कधी उतरतेही. बदलताना अर्धी फेरी पाय सैल सोडायचा. हात हँडलवर ठेवा, पण मूठ आवळू नका. खांदे कानाला लागले असतील तर खाली सोडा. नजर चाकाच्या पुढे दहा-पंधरा मीटर. माथा बघत बसू नका. वळणांची एक खूण लक्षात ठेवा. वळणाच्या आतल्या बाजूला रस्ता जास्त तीव्र असतो, बाहेरच्या बाजूला सौम्य. आपण डावीकडून चालतो, म्हणून उजवीकडे वळणारं प्रत्येक वळण आपल्याला बाहेरून मिळतं. तिथे वेग वाढवू नका, तीच तुमची विश्रांती. डावीकडची वळणं आतून येतात. तिथे आधीच एक गिअर हलका करा आणि मागून वाहन नसेल तर कडेपासून थोडं सुटून जा. उभं राहून पेडल मारायचं ते पाठ मोकळी करण्यापुरतं, पंधरा-वीस फेऱ्या. त्याने श्वास चढतो, म्हणून सवय लावू नका.

आणि थांबा. हे तुम्हाला उलटं वाटेल, पण पहिल्या तीन-चार खेपांना मी सगळ्यांना ठरवून थांबायला लावतो. दम तुटल्यावर नव्हे, तुटायच्या आधी. आधीच तीन जागा ठरवा: एखादं झाड, एखादी पाटी, रस्ता रुंद होतो अशी एखादी जागा. तिथे पोचलात की दमला नसलात तरी एक मिनिट पाय टेका, पाण्याचा घोट घ्या, निघा. पुढच्या खेपेला तीनाच्या दोन जागा करा, मग एक, मग ती एक सोडून द्या. यातून दोन गोष्टी साधतात. चालत ढकलायची वेळ येत नाही. आणि चढावर थांबून परत सायकलवर बसता येतं, याची खात्री पटते. ही खात्री नसल्यामुळेच कित्येक जण एकदा उतरले की माथ्यापर्यंत ढकलतच नेतात.

परत बसायचं तंत्र असं. सगळ्यात हलका गिअर आधीच टाकलेला हवा. दोन्ही ब्रेक दाबून सायकलच्या दांडीवर दोन्ही बाजूंना पाय टाकून उभ्या राहा. एक पेडल घड्याळातल्या दोनच्या जागी आणा आणि त्यावर पाय ठेवा. मागे बघा, वाहन नाही ना. ब्रेक सोडतानाच त्या पायाने दाब द्या आणि त्याच दाबात सीटवर बसा. दुसरा पाय पेडलवर नीट बसायची वाट बघू नका, तो कसाही टेकवून पहिल्या दोन फेऱ्या पूर्ण करा, मग नीट करा. टेंबलाईच्या चढावर याचाच वीस वेळा सराव करा. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही.

प्रगती मोजताना बरोबरच्यांशी तुलना नको. वहीत तीनच गोष्टी लिहा: किती वेळा थांबलात, थांबल्यावर पूर्ण वाक्य बोलता यायला किती वेळ लागला, आणि "चांगभलं" कुठल्या वळणापर्यंत एका श्वासात निघालं. एकूण वेळ सगळ्यात शेवटी सुधारतो. आधी श्वास लवकर खाली यायला लागतो, मग थांबे कमी होतात, मग वेळ. चौथ्या-पाचव्या आठवड्यात काहीच बदलत नाहीये असं वाटेल. तेव्हा वही उघडून दुसरा रकाना बघा. महिने विचारलेत म्हणून सांगतो, वर लिहिलंय तसं केलं तर माझ्या पाहण्यातले बहुतेक जण सहा ते दहा आठवड्यांत न उतरता वर गेलेत. झोप कमी, घरात आजारपण, मासिक पाळीचे दिवस, पश्चिमेचा जोराचा वारा, यांपैकी काही असेल त्या दिवशी एखादा थांबा वाढला तर तो मागे जाणं धरू नका.

जोतिबा झाला की गिरोली, दाणेवाडी करत वाघबिळाला उतरून पन्हाळा घ्या, किंवा कासारवाडीकडून सादळे-मादळेचा घाट. करूळ, आंबा, फोंडा यांची घाई करू नका. आपण घाटमाथ्यावर राहतो, त्यामुळे हे घाट आपल्याला जाताना उतार आणि येताना, पाय थकलेले असताना, चढ म्हणून भेटतात. त्यांचं गणित वेगळं आहे.

राहिला उतार. त्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. वर पोचल्याच्या आनंदात अंग घामाने ओलं असतं, वारा लागला की बोटं आखडतात आणि ब्रेक नीट दाबले जात नाहीत. वरून एक पातळ जाकीट घाला, दहा मिनिटं बसा, देवाचं दर्शन घ्या, मग निघा. ब्रेक सतत घासत ठेवू नका, रिम तापते. वळणाच्या आधी, सायकल सरळ असतानाच दोन्ही ब्रेक मिळून वेग कमी करा. वळणात ब्रेक सोडा, बाहेरचा पाय खाली ठेवा आणि नजर वळणाच्या पलीकडे न्या. एसटी आणि ट्रॅक्टर वळण घेताना तुमच्या बाजूला येतात हे गृहीत धरूनच वेग ठेवा. पावसाळ्यात धुकं असेल किंवा कडेला शेवाळ असेल तर उतरताना चालत आलात तरी चालेल. आणि अर्ध्या घाटात हात दुखायला लागले तर तिथेच कडेला थांबून बोटं मोकळी करा, पण रिमला हात लावून बघू नका, भाजतं.